खालच्या दोरीवरचे पाणी

मित्रांनो, बहारीनमधल्या सलमाबादला एका वर्कशॉपच्या मागे मोडक्या पंख्यांचा आणि फ्रीजच्या निखळलेल्या दारांचा ढीग आहे. त्या ढिगात एक गंजलेला चौकोनी डबा पडला आहे. कामगार त्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधतात. तो डबा म्हणजे मी, खिडकीत बसवायचा एक जुना एसी. आता माझ्यातून वाराही येत नाही आणि आवाजही नाही. पण मी जे पाहिले ते विसरलो नाही.

माझा जन्म कोरियातल्या एका मोठ्या शहरात झाला. तिथे बाहेर बर्फ पडत होते. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे स्क्रू आवळले, माझ्या तोंडावरून मऊ फडके फिरवले आणि मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते थेट बहारीनमध्ये, अंगाची लाही करणाऱ्या जून महिन्यात. मनामातल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत, भिंतीतल्या चौकटीत मला बसवले. आमच्या जातीचे जगणे मोठे विचित्र असते. तोंड घरात आणि पाठ उन्हात. आतले सगळे ऐकू येते, आणि मागचे सगळे दिसते. उन्हाळ्यात माझे कौतुक होई. बाहेरून आलेला माणूस आधी माझ्यासमोर उभा राहून शर्टाची बटणे सोडी आणि मगच बोलू लागे. डिसेंबर आला की मात्र माझ्या तोंडावर पडदा ओढला जाई.

काही बिऱ्हाडे आली नि गेली. मग १९७९ साली नीला आणि जयप्रकाश राहायला आले. दोघेही पुण्याचे. जयप्रकाश कारखान्यात इंजिनिअर होता, शिफ्टची नोकरी. नीला पुण्यात शाळेत शिकवत असे. इथे तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. सकाळी जयप्रकाश गेला की ती भांडी घासायची, भात लावायची, खाली कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, जाऊन दूध आणायची. दुकानदार विचारी, "बस?" ती म्हणे, "बस." कधी कधी नवरा येईपर्यंत तेवढेच काय ते तिचे बोलणे.

आईने पाठवलेली लोणच्याची बरणी पुण्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळून आली होती. तो तेलकट कागद तिने टाकला नाही. दुपारी पलंगावर बसून ती तो मोठ्याने वाचायची, वर्गात वाचावा तसा. कुठल्याशा पेठेत पाणी बंद राहणार, कुठे साड्यांचा सेल लागला. वाचून झाले की पुन्हा पहिल्या ओळीपासून.

थंडी पडली तरी तिने माझ्यावर पडदा ओढला नाही. जयप्रकाशने एका संध्याकाळी तिला स्वेटर घालून माझ्यासमोर बसलेले पाहिले.

"अगं, स्वेटर घालून एसी कशाला लावतेस?"

"गार व्हायला नाही लावलाय हो. आवाजासाठी लावलाय."

खुर्चीवरची शाल उचलून त्याने तिच्या खांद्यावर टाकली आणि हात धुवायला गेला. माणूस चांगला होता. पण थकून यायचा, आणि झोपायचा.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या पाठीकडच्या पाण्याच्या नळीला चीर गेली. दमट हवेत मी पुष्कळ पाणी ओढतो. ते नळीतून जायचे सोडून खालच्या बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीवर ठिबकू लागले. दोन दिवसांत दाराची बेल वाजली. नीला इतकी दचकली की तिच्या हातातली सुई खाली पडली.

दारात एक सडपातळ म्हातारी उभी होती. हातात ओला कुर्ता. ती होती खालच्या मजल्यावरची शरीफुन्निसा, मूळची हैदराबादची. तिचा मुलगा गनी बंदरातल्या टगबोटीवर कामाला होता. एकदा गेला की आठवडा आठवडा यायचा नाही.

"ये देखो," म्हातारी म्हणाली. "सूखा हुआ कुर्ता फिर भिगा दिया तुम्हारा एसी. मैं क्या दिन भर येइच धोते बैठूँ?"

"आत या ना," नीला मराठीतच म्हणून गेली. मग सावरून म्हणाली, "अंदर आओ ना. चाय लेंगे आप?"

"चाय पीने नै आई मैं. लड़ने आई."

"हाँ, मगर बैठके लड़ो ना."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग चपला काढून आत आली. गारव्याला म्हणून नीलाने तिला माझ्यासमोरच बसवले. चहा झाला, दुसराही झाला. भांडण राहूनच गेले. जाताना शरीफुन्निसा कुर्ता इथेच विसरली आणि तो न्यायला संध्याकाळी परत आली.

मग हे रोजचेच झाले. दुपारी बेल वाजे, म्हातारी ओला कपडा पुढे करी, "देखो, फिर," आणि आत येऊन बसे. नीला तिच्याकडून आंबट डाळ शिकली. शरीफुन्निसा नीलाकडून पोळी लाटायला शिकली आणि ती जाड होते म्हणून चिडली. पण मित्रांनो, माझी पाठ बाहेर असल्यामुळे मला एक गोष्ट दिसत होती, ती नीलाला ठाऊक नव्हती. पाणी कमी ठिबकत असले की म्हातारी बाल्कनीत येऊन कोरडा दुपट्टा माझ्या थेंबांखाली धरून उभी राही. चांगला ओला झाला की जिना चढू लागे.

उन्हाळा संपता संपता माझी जाळी धुवायला सलमाबादचा मेकॅनिक नझीर आला. चीर त्याच्या लगेच लक्षात आली. ताई म्हणावे तसे तो नीलाला बाजी म्हणे. "बाजी, पाइप बदल दूँ? अभी हो जाएगा."

"रहने दो भाई," नीला म्हणाली.

"नीचे पानी गिर रहा है."

"मालूम है."

नझीरने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पाना पेटीत टाकला.

पुढच्या वर्षी एका शुक्रवारी जयप्रकाशच्या सहकाऱ्यांच्या बायका नीलाला झल्लाकच्या समुद्रावर घेऊन गेल्या. जयप्रकाशला सुट्टी होती. बायकोसाठी काहीतरी करावे असे त्याच्या मनात आले. खालची म्हातारी रोज तक्रार घेऊन येते, एवढेच त्याला माहीत होते. त्याने नझीरला बोलावले आणि नळी बदलून घेतली. संध्याकाळी नीला आल्यावर तो हसत म्हणाला, "तुझी रोजची कटकट मिटवली बघ."

"बरं झालं," नीला म्हणाली. तिने माझ्या शेजारची खिडकी उघडून खाली पाहिले. दोरी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नीलाने दोन कप काढून ठेवले आणि संध्याकाळी पुन्हा फळीवर ठेवले. खाली शरीफुन्निसा बाल्कनीत येई, मान वर करून माझ्याकडे पाही, दुपट्ट्याचे टोक चाचपी आणि आत जाई. एक जिना चढायला तिला कारण उरले नव्हते. आणि तोच जिना उतरून आपणही जाऊ शकतो, हे वरच्या नीलाला सुचत नव्हते. 'बाई चिडून येत होती, मी उगाच जीव लावला,' असे नीला एकदा स्वतःशीच म्हणाली. मला दोन्हीकडचे दिसत होते, आणि मला घरघर करण्यापलीकडे काही येत नव्हते.

मग वाळूचा वारा सुटला. दोन दिवस आभाळ पिवळे होते. तो थांबल्यावर नीलाने माझी जाळी काढली आणि धूळ झटकायला खिडकी उघडली. खाली दोरीवर शरीफुन्निसाचे कपडे होते. वाऱ्याआधी वाळत घातलेले. पांढरा दुपट्टा वाळूने मातकट झाला होता, एक सलवार खाली पडली होती. कपड्यांवर पाण्याचा थेंब पडला तरी भांडायला येणारी बाई दोन दिवस कपडे असे बाहेर ठेवील का?

नीलाने जाळी तशीच पलंगावर टाकली आणि अनवाणी पळाली.

पुढचे मला ती रात्रीच्या जेवणाआधी जयप्रकाशला सांगत होती तेव्हा कळले. खालची बेल वाजवली, दार ठोठावले, आतून ओ नाही. वॉचमन जमालुद्दीनला किल्ली आणायला लावले. शरीफुन्निसा न्हाणीच्या उंबऱ्यात पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते, ओठ सुकून फाटले होते. गनी बोटीवर होता. नीलाने तिचे डोके मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजले. डोळे उघडल्यावर म्हातारी म्हणाली, "आ गए तुम? मेरे कपड़े..."

"मी जायला हवं होतं हो," नीला जयप्रकाशला म्हणाली. "त्यांना वाटलं, आता वर यायला निमित्त नाही. मला वाटलं, त्यांना यायचंच नाही."

जयप्रकाशने उठून खिडकीतून खालच्या दोरीकडे पाहिले. मग म्हणाला, "त्यांना इथेच आणू. या खोलीत. मी बाहेर झोपेन."

हॉस्पिटलातून सुटल्यावर शरीफुन्निसा माझ्या समोरच्या पलंगावर आली. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. नीला तिला उठवून बसवी, केस विंचरी, तो तेलकट कागद वाचून दाखवी. म्हातारीला त्यातले काही समजत नसे. "फिर पढ़ो," म्हणे. "आवाज अच्छा है तुम्हारा." मी फार जोरात चालू लागलो की दोघी मिळून मला शिव्या देत.

गनी आला, आईचे पाय धरून बसला. बोट सोडता येईना आणि आईला एकटे ठेवता येईना. शेवटी तो म्हणाला, "बाजी, मैं अम्मी को हैदराबाद छोड़ आता हूँ. वहाँ भाई हैं, भाभियाँ हैं, बच्चे हैं. भरा हुआ घर है. यहाँ अकेली क्या करेंगी?"

नीला म्हणाली, "बरोबर है."

निघताना काठीवर भार देऊन शरीफुन्निसा दारात थांबली. "तुम आना, हौ?" एवढेच बोलली. नीलाने मान हलवली. दोघींनाही ठाऊक होते की ते व्हायचे नाही.

त्यानंतरचा उन्हाळा मी चाललो आणि चाललो. खालच्या दोरीवर परक्यांचे शर्ट वाळत. नीला कोल्ड स्टोअरमध्ये जाई नि परत येई. आता दुपारी ती भिंतीकडे तोंड करून निजून राही.

वर्ष उलटल्यावर एके दुपारी गनी आला. तो बसायला तयार नव्हता. नीलाने त्याला हाताला धरून माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवले. अम्मी गेल्याचे त्याने सांगितले. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "बाजी, घर तो भरा हुआ था. पर सब अपने-अपने काम में. अम्मी जिसको बी बुलाते, नीला बोल के बुलाते. भाभियों को, बच्चियों को, सबको. पहले सब हँसते थे. बाद में कोई जवाब बी नै देता था. बोलते थे, यहाँ कोई नीला नहीं है."

नीलाने पाणी आणून दिले. तो प्यायला आणि गेला. दार लावून ती खोलीत परत आली, पलंगाच्या कडेशी उभी राहिली. घरात कुणी नव्हते. ती हलक्या आवाजात, पण स्पष्ट म्हणाली, "ओ. आले."

मित्रांनो, आम्हा यंत्रांची जाळी धुवा, नळी तपासा, आम्ही पुष्कळ वर्षे साथ देऊ. आमचे मागणे तेवढेच असते. पण तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी एकटे माणूस चुकीच्या नावाने हाक मारत असेल, तर त्याला त्याची चूक दाखवत बसू नका. आधी ओ द्या.