कोपरा फाडलेली अकरा कार्डं

धरणगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची नोंद ठेवणारा अभिमन वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा. संपादकांनी एकदा कळवलं, सार्वजनिक हिताचं लिहा, घरचं नको. आता अभिमनला घरचंच सुचायचं, त्याला तो तरी काय करणार? वाचकांच्या पत्रांत नाव-गाव छापून आलेले अकरा जण त्यानं हेरले आणि दर रविवारी तोच मजकूर अकरा पोस्टकार्डांवर उतरवून धाडू लागला. नळाला पाणी आलं नाही, शेवभाजी तिखट झाली, त्यावर बायको सुनंदा काय म्हणाली. भडगाव, साक्री, धुळे, सगळीकडून उत्तरं यायची. मग ते अकरा जण आपसातही लिहू लागले. सहा वर्षांत कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं, पण वहिनींची टाच आता कशी आहे हे प्रत्येकाला हवं असायचं.

अभिमनचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पोस्टमन वैतागला, तेव्हापासून पत्ते सुनंदाबाईच घालायची. शनिवारी अकरा कार्डं पत्त्यांसकट तयार.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये अशीच कार्डं तयार करून ती झोपली, ती उठलीच नाही.

चौथ्या दिवशी अभिमन लिहायला बसला. 'सुनंदा' एवढं मनात यायचं, पुढचा शब्द काही केल्या येईना. शेवटी मृत्यूच्या कार्डाचा फाडतात तसा प्रत्येक कार्डाचा कोपरा त्यानं फाडला आणि कार्डं कोरीच पेटीत टाकली.

दारावर माणसं येत होती. कसं झालं, ते थोरला भाऊ सांगायचा, नाहीतर शेजारीण. अभिमन नुसती मान हलवायचा. रडू येत नव्हतं. भूक लागत नव्हती, तरी वाढलं की जेवायचा.

मग उत्तरं आली, सगळी श्रीमती सुनंदाबाईंच्या नावानं. 'भाऊ गेले. वहिनी, धीर धरा.' कार्ड कोरं, पत्ता तिच्या हातचा. त्यांनी तरी दुसरं काय समजावं? स्वतःच्या मरणाचं दुःख अभिमननं ओळीनं वाचून काढलं. खुलासा करायचा तर लिहावं लागणार होतं. त्यानं पत्रं फळीवर ठेवून दिली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी तो एकटाच ओट्यावर बसला होता. पिशवी घेतलेला एक माणूस समोर येऊन थांबला.

"अभिमनभाऊनं घर हाईच शे का? मी पुना, साक्रीथून उनू. बठ्ठासनी सांगं, वहिनीले भेटी ये."

बाकीच्या दहा जणांनी मिळून त्याला वहिनींना भेटून यायला धाडलं होतं. अभिमननं मान हलवली. पुना वाट बघत उभाच राहिला.

"तुम्ही भाऊना कोन?"

उत्तर द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"मीच अभिमन," तो म्हणाला. "सुनंदा गयी. ती आते नही शे."

पुना ओट्यावर बसला आणि ढसाढसा रडू लागला. कधी न पाहिलेल्या बाईसाठी. अभिमन त्याच्याकडे बघत राहिला. त्याला पुनाचा हेवा वाटला.