चार नंबरची बाई

"हं आई, कर सुरू," म्हणत तृप्तीनं मोबाइलवरचं घड्याळ दाबलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आशाबाईचा हात केळीच्या फणीवर अडखळला.

तशी ही आफत तिनंच ओढवून घेतलेली. पोरगी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजातून हुकूम आला की कुठंतरी जाऊन कामगारांच्या कामाचं मोजमाप करा, अहवाल लिहा आणि वर मालकाचा सही-शिक्का आणा. बुऱ्हाणपुरात कारखाने काय थोडे आहेत? पण आशाबाईला लेक मिरवायची होती ना! तिनंच आपल्या मालकाकडे, धर्मेंद्रसेठकडे शब्द टाकला आणि सेठ चक्क हो म्हणाला.

केळीच्या त्या गोदामात लांब टेबलाशी चौघी बसत. हौदात धुतलेल्या फण्या समोर यायच्या. चांगली फणी खोक्यात, डागाळलेली टोपलीत. आशाबाईची जागा खिडकीशी. ती तिनं कधी कुणाला दिली नाही. बायका म्हणायच्या, हवेसाठी भांडते मेली. म्हणू देत. खरं कारण होतं उजेड. दोन वर्षांपासून डोळ्यांपुढं दुधाळ पडदा आला होता आणि ते तिनं लेकीलाही सांगितलेलं नव्हतं. ओरखडा असला तर बोटाला कळायचा. काळा डाग मात्र हाताला लागत नाही, तिथं सगळा अंदाजाचा कारभार.

सांगणार तरी कसं? गेल्या साली याच टेबलावरच्या मनीषाची नजर अधू झाली, तेव्हा सेठ किती गोड बोलला होता! डोळे दाखवून ये, मग पाहू. मनीषा ऑपरेशन करून आली तोवर तिच्या जागी दुसरी बसलेली. तेव्हापासून 'मग पाहू' हे दोन शब्द कानावर पडले तरी आशाबाई दचकायची. तृप्तीचं कॉलेज, घराचं भाडं, सगळं या एका जागेवर उभं होतं.

मोजणी चार दिवसांची. तृप्ती मागं उभी राहून टिपत राही, एका फणीला किती सेकंद लागले, खोक्यात डागी फण्या किती गेल्या. पहिले दोन दिवस डबा खाताना ती बायकांना शिकवत होती. पाणी प्यायला लागणारा वेळ, थकव्याचा वेळ, हेसुद्धा कामाच्या वेळेत धरायचं असतं म्हणे, पुस्तकातच लिहिलंय. आतल्या भिंतीशी बसणारी विमल, तान्ही पोर सासूकडे टाकून येणारी, हसून म्हणाली की तुझं ते पुस्तक एकदा सेठला वाचून दाखव.

तिसऱ्या दिवशी तृप्तीचं शिकवणं बंद पडलं. आईला बाजूला घेऊन तिनं हळूच विचारलं,

"आई, तू पाहत नही ना? चाचपून राहिली तू."

"जा ना, काही पण बोलते."

"वीस फण्या मोजल्या. आठ डागी गेल्या तुझ्या."

आशाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही. लिहू नको, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या पोरीला इतकं शिकवलं तिलाच खोटं लिही म्हणायचं, तेही कोणत्या तोंडानं? शेवटी तृप्तीच पुटपुटली, "टेन्शन मत ले. नावं नही लिहायची असतात. फक्त नंबर. तू चार."

शनिवारी दोघी सहीसाठी सेठच्या खोलीत उभ्या राहिल्या. एरवी पेपरसुद्धा धड न वाचणारा माणूस, त्या दिवशी नेमकं पान अन् पान उलटायला लागला.

"ये चार नंबर कोण आहे? विसात आठ डागी?"

सेठनं पुढचं पान उलटलं. त्यावर नकाशा होता, टेबल, खिडकी आणि चार मोठे गोल, प्रत्येकात ठळक आकडा. आशाबाईनं वाकून डोळे ताणले. खिडकीशी एक होता. चार होता आतल्या भिंतीशी.

"म्हणजे विमल. तिचं ध्यान सगळं पोरीकडं. बोलवा तिला."

आशाबाईनं लेकीकडं पाहिलं. तृप्ती मान खाली घालून उभी होती. पोरीनं जागा बदलल्या होत्या, आईसाठी. आणि खोटं कशाला बोला, आशाबाईचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग त्या सुटकेचीच तिला भीती वाटली, सेठच्या भीतीहून जास्त. बाहेर विमलचा कुणाला तरी हाका मारण्याचा आवाज येत होता.

"सेठ, पोरीची चूक झाली नकाशात," ती म्हणाली. "चार नंबर मी आहे."

"आई..."

"तू चूप बस. मले दिसत नही सेठ, दोन वर्षं झाली. विमलच्या हातून एक डाग जात नही."

सेठनं पेनाचं टोपण काढलं. मग त्यानं सही केली, शिक्का उमटवला आणि अहवाल तृप्तीच्या हातात दिला.

"डोळे दाखवून घ्या आशाबाई," तो गोडच बोलला. "मग पाहू."

बाहेर आल्यावर तृप्तीला रडू आवरेना. आशाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि नकाशा नीट काढून मगच कॉलेजात दे, असं बजावलं.

सुट्टी व्हायला अजून दोन तास होते. विमलनं विचारलं, सेठ काय म्हणाला? सही झाली, असं सांगून आशाबाईनं खिडकीतली आपली डब्याची पिशवी उचलली.

"विमल, तू इकडं बस. इथं उजेड चांगला आहे."

विमलला आधी थट्टाच वाटली. मग ती बिचकत उठली आणि खिडकीशी जाऊन बसली. आशाबाई आतल्या भिंतीशी बसली. समोर फणी आली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, सवयीनं बोटं फिरवली आणि थांबली.

"बघ गं जरा," फणी शेजारणीपुढं करत ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्यावर डाग आहे का?"