ताईच्या वजनाची गोणी

गाडीचं नाक घासतंय म्हटल्यावर धाकट्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या सीटवर बसले होते.

"बघतोस काय मेल्या," मी म्हटलं, "गाडी बुटकी केलीस तू आणि खापर माझ्या जाडीवर?"

फाटकातून रस्त्यावर जाताना जरा उतार लागतो. तिथे कर्रकन आवाज झाला आणि नाकाच्या खालच्या काठाला तडा गेला. माझा जीव वरखाली झाला, कारण ते नाक माझ्या हातचं. मागच्या गॅरेजमध्ये आम्ही बहीणभाऊ तीन वर्षं ही दोन सीटांची गाडी बांधत होतो. सांगाडा आणि इंजिन त्याचं, बॉडी माझी. फायबरच्या होड्या आणि पाण्याच्या टाक्या करून मी पोट भरते, पण त्या नाकाला हवा तसा बाक यावा म्हणून मी चार साचे फोडले.

रविवारी डोंगररस्त्यावर घरी बांधलेल्या गाड्यांची फेरी होती. तेव्हा शेजारी मी बसणार, हे पहिला पाइप कापला तेव्हाच ठरलेलं. मला दुसरं काही नको होतं.

"काठ दोन बोटं कापून टाकू," धाकटा म्हणाला.

"माझं नाक कापायला निघालास? मुकाट्यानं स्प्रिंगा उचल."

स्प्रिंगखाली आट्यांची चकती असते, ती वर फिरवली की नाक उचललं जातं. किती फिरवायची, ते बसणाऱ्यांवर ठरतं. आमच्या गाडीचं इंजिन मागे, त्यामुळे माणसांचा भार पुढच्या चाकांवर येतो. म्हणून आमची पद्धत अशी, की दोन्ही सीटांवर ज्याच्या त्याच्या वजनाची वाळूची गोणी ठेवायची आणि नाकाखालून लाकडी ठोकळा सरकेपर्यंत चकत्या फिरवायच्या. मी कामावर असताना धाकट्यानं हे सगळं उरकून टाकलं.

"झालं ताई. ठोकळा सुळकन जातो."

शनिवारी मी तड्यावर शेवटचा हात फिरवायला गॅरेजमध्ये गेले. गोण्या अजून सीटांवर होत्या, ठोकळा नाकाखाली. काम झाल्यावर मला राहवेना. माझी गोणी उचलून खाली ठेवली आणि तिच्या जागी बसले. खाली खट् झालं. नाक ठोकळ्यावर टेकलं होतं. उतरले, ठोकळा मोकळा. बसले, पुन्हा खट्.

चुकला असेल गाढव, असं म्हणत होते, तेवढ्यात लक्षात आलं की गोणी मी एकटीनं उचलली होती. माझ्या वजनाची गोणी मला एकटीला उचलवेल कशी? काट्यावर ठेवली. मी वजन चार किलो कमी सांगते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे फरक वीस किलोंचा होता. मनात पाल चुकचुकली. त्याला हाक मारली.

"ही गोणी कोणाची रे?"

त्यानं गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "साहेबांची."

"तुझ्या ऑफिसातल्या?"

"त्यांना यायचंय उद्या. नाही कसं म्हणू? तुला वळणावर मळमळतं ना, म्हणून म्हटलं..."

"मला कधी मळमळलंय?"

तो म्हणाला, "त्यांना वाटतंय, गाडी मी एकट्यानं बांधली."

"वाटतंय की तू सांगितलंस?"

"ताई, बढतीचा प्रश्न आहे. परत आलो की चकत्या तुझ्या वजनावर लावतो. पाच मिनिटांचं तर काम."

सख्ख्या भावानं केसानं गळा कापला आणि वर पाच मिनिटांचा हिशोब ऐकवत होता. मला रडू येत होतं, पण मी म्हटलं, "आणि साहेबांनी विचारलं, हे नाक कसं केलंस, तर?"

त्याला आठवावंही लागलं नाही. "साच्याला मेण लावायचं. थर पातळ द्यायचे. बाकावर फायबरचं कापड ओढायचं नाही, त्याला आपणहून बसू द्यायचं. हात हलका ठेवायचा."

शब्द माझे होते. 'हलका' म्हणण्याआधी मी जरा थांबते, तसा तो थांबलासुद्धा. गेला आठवडाभर रोज संध्याकाळी तो माझ्याजवळ बसून हेच विचारत होता, आणि धाकट्याला माझ्या कामाचं कौतुक वाटतंय म्हणून मी मेली हरखून सांगत होते.