उलटा घातला तेव्हा कळलं

शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी विबकेने मला डोक्यावर चढवलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

मी तिचा हेडफोन बोलतोय. तसा मी रोजच बोलतो, पण दुसऱ्यांचं. गाणाऱ्याचं गाणं, वाजवणाऱ्याचं वाजवणं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगतोय. सांगितलं नाही तर माझ्या जिवाला स्वस्थता लाभायची नाही.

त्या सकाळी तिने नेहमीचं गाणं लावलं. एक बाई गाते, मागे पियानो वाजतो. ही बाई विबकेच्या कपाळासमोर अगदी मधोमध उभी राहून गाते, असं विबके सगळ्यांना कौतुकाने सांगायची. त्या दिवशी मात्र विबकेचं तोंड उतरलं. तिने मला काढलं, माझी डावी वाटी पुसली, पुन्हा घातलं.

"बाई उजवीकडे सरकलीये," ती म्हणाली.

तिचा नवरा यॉर्न पोरीला खिमट भरवत होता. त्याला यातलं काही कळत नाही. तो मला कानावरच्या बादल्या म्हणतो. "उभी राहून पाय दुखले असतील तिचे," तो म्हणाला. "टेकली असेल जरा."

विबके हसली नाही. आदल्या संध्याकाळी त्यांच्या दीड वर्षाच्या लेकीने, फेन्याने, माझी केबल ओढली होती आणि मी टेबलावरून खाली आपटलो होतो, तोही डाव्या अंगावर. पडला म्हणून बिघडला, असं विबकेने ठरवून टाकलं.

पण मी बिघडलो नव्हतो. आवाज काढणारे माझे दोन्ही पडदे सारखे हलत होते. आणि मला आणखी एक दिसत होतं. विबके सारखी डाव्या कानात बोट घालत होती, जबडा हलवत होती, कानाची पाळी ओढत होती.

भारी हेडफोनांच्या छंदातल्या माणसांना एक गोष्ट पहिल्या दिवशीच शिकवतात. आवाज एका बाजूला गेला, तर हेडफोन उलटा घालून बघायचा. आवाजही बाजू बदलून दुसरीकडे गेला, तर खोट हेडफोनमध्ये. आणि होता तिथेच राहिला, तर खोट कानात. विबकेने नवख्यांना हे किती वेळा सांगितलं असेल. त्या सकाळी तिने मला फिरवायला दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली ठेवला. मग मला पिशवीत घातलं.

तिच्या मनात काय होतं ते मी ओळखून होतो. फेन्या झाल्यापासून ती कुठे गेली नव्हती. मीसुद्धा वर्षभर कपाटात मोज्यांच्या शेजारी पडून होतो. त्या दिवशी हॅम्बुर्गला हेडफोनांचं प्रदर्शन होतं, त्याची वाट तिने हिवाळाभर पाहिली होती. आणि आईला काही होऊन चालत नाही. पोरीला ताप आला की ही रात्रभर जागणार, स्वतःचं दुखणं मात्र उद्यावर. कानाला दडा बसलाय तो पोरीकडून लागलेल्या सर्दीने, असं तिने स्वतःलाच समजावलं. यॉर्नला बोलली नाही. तो म्हणाला असता, मग राहू दे, नको जायला.

माझा जन्म हुसुम गावचा, समुद्राच्या काठचा. फोल्कर्ट निसेन आणि त्यांचा भाऊ मोमे, दोघांचीच कार्यशाळा. निसेनकाका पडद्यांनी भरलेला खण पुढ्यात घेऊन बसायचे आणि पत्रिका जुळवावी तशी दोन पडद्यांची जोडी जुळवायचे. माझे पडदे असे जुळवलेले, एका श्वासाचे. मोमे नासपतीच्या लाकडाच्या वाट्या घडवायचा. त्याला हाक मारायची तर उजव्या बाजूला जाऊन मारावी लागे. डावीकडून मारली तर तो घासतच राहायचा. ते असं का, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

प्रदर्शन एका हॉटेलात होतं. खोल्यांतले पलंग हलवून टेबलं मांडलेली, आणि माणसं आपापले हेडफोन मऊ पिशव्यांत घालून, तान्हं मूल आणावं तसे घेऊन आलेली. कुणाला कुणाचं नाव धड ठाऊक नसतं, पण कुणाच्या डोक्यावर काय असतं ते सगळ्यांना ठाऊक. "मोइन, नासपती आली बघ," असा तिकडचा रामराम करून लोक विबकेला वाट देत होते. एरवी ती फुलली असती. आज ती दारातून तडक निसेनकाकांच्या खोलीत शिरली. यॉर्न पोरीला घेऊन खाली हेरिंग मासा घातलेला पाव खायला गेला.

विबकेने सगळं सांगितलं. डावीकडचा आवाज गेलाय, काल पडला, डावा पडदा बदलून द्या.

निसेनकाकांनी मला हातात घेतलं. स्वतःच्या पोराला बघावं तसं उलटंपालटं करून बघितलं. मग सहज विचारलं, उलटा घालून बघितलास ना?

"हो, बघितलं," विबके म्हणाली.

मी हादरलो. या लोकांत ती पायरी कुणी चुकवत नाही आणि त्याबद्दल कुणी खोटं बोलत नाही, म्हणून काकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मला दोन्हीकडे सारखाच वाटतो, म्हणाले. विबकेने ओठ आवळले. तिला उशीर सोसवत नव्हता. "काका, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुमचे कान आता पेन्शनीत निघालेत."

टेबलाभोवतीचे दोघंतिघं हसले. काकाही हसले, आणि तिथेच घात झाला. त्यांनी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही. सत्तरी उलटलेल्या माणसापेक्षा या पोरीचं खरं असणार, असं म्हणून त्यांनी स्क्रू पिळायचा पेचकस उचलला.

माझा चांगला पडदा उपटला जाणार होता. पण खरं सांगतो, मला त्याचं तेवढं वाटत नव्हतं. नवा पडदा बसेल, बाई तरीही उजवीकडेच गाईल, मग ही केबलला दोष देईल, मग अ‍ॅम्प्लिफायरला, आणि कान तसाच राहून मोलाचे दिवस वाया जातील. मी ओरडणार कसा? दुसऱ्याचा आवाज वाहणारा मी, मला स्वतःचा कुठला?

एवढ्यात यॉर्न आला. विबकेला बघताच फेन्याने तिच्याकडे झेप घेतली. विबकेचे दोन्ही हात गुंतले. काका म्हणाले, खोलण्याआधी एकदा शेवटचं ऐकून घे, म्हणजे नंतर फरक कळेल. तेव्हा यॉर्ननेच मला उचललं आणि टोपी घालावी तसं बायकोच्या डोक्यावर चढवलं.

उलटं.

टेबलापाशी एकच खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "अरे बाबा, आत अक्षरं लिहिलीत डावं-उजवं. बूट तरी बरोबर घालतोस ना?" यॉर्न लाजून मला फिरवायला गेला. विबकेने मान मागे घेतली.

गाणं चालू होतं. माझा उजवा पडदा तिच्या डाव्या कानावर होता आणि त्यातून मी जीव तोडून गात होतो.

"अजून उजवीकडेच आहे," ती हळूच म्हणाली.

हसणं थांबलं. निसेनकाकांनी पेचकस खाली ठेवला. ते टेबलाला वळसा घालून आले आणि तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले. कधीपासून, एवढंच विचारलं. सकाळपासून, ती म्हणाली, सर्दी असेल, सोमवारी डॉक्टरकडे जाईन.

"सोमवारी नाही, पोरी. आत्ता," काका म्हणाले. "आमच्या मोमेने सोमवारची वाट पाहिली होती."

मला तेव्हा कळलं, मोमे डावीकडची हाक का ऐकत नव्हता.

विबकेच्या डोळ्यांत पाणी आलं. यॉर्नने फेन्याला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने बायकोचा दंड धरला आणि तडक निघाला. मला पिशवीत घालायचंही राहिलं. मी तिच्या गळ्यातच लोंबत इस्पितळात पोचलो. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी कान तपासले आणि म्हणाल्या, आलात ते बरं झालं, अचानक येणाऱ्या बहिरेपणाचं हे दुखणं वाट बघत नाही. त्याच दिवशी औषध सुरू झालं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. रोज संध्याकाळी ती मला घालायची, अगदी हळू आवाजात. यॉर्न समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायचा. बाई उजवीकडेच, अजून उजवीकडेच. मग एका संध्याकाळी ती बाई किंचित सरकली.

सगळं परत आलं नाही. बारीक, वरचे सूर विबकेला डावीकडून आता धूसर येतात, आणि बाई मधोमध अशी उभी राहतच नाही. पण परवा फेन्याने डावीकडून हाक मारली आणि विबकेने त्याच बाजूला मान वळवली. यॉर्न स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा होता.

माझे पडदे अजून तेच आहेत, जोडीचे. वाटीवर पडल्याची खूण आहे, ती तशीच राहू दिलीय.

जाता जाता तुम्हाला हात जोडतो. एखाद्या सकाळी आवाज एका कानातून अचानक कमी झाला, तर आम्हाला लगेच दोष देऊ नका. आधी उलटं घालून बघा, आणि खरं काय ते स्वतःशी कबूल करा. आवाज आमच्याबरोबर फिरला तर खुशाल आम्हाला खोला. नाही फिरला तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरात काम पडलंय, लेकरू लहान आहे, असल्या सबबी आम्ही फार ऐकल्यात. एवढं तुमच्या आईला सांगा, बहिणीला सांगा, शेजारणीला सांगा. आणि त्यांनाही म्हणावं, पुढे सांगा.