लाल पट्ट्याची मेंढी

मेलेल्या मेंढीचं पोट चिरलं आणि आत जंत वळवळताना दिसले, तर चांगला माणूस तोंड फिरवतो. दत्तप्रसाद सरांचा चेहरा मात्र लग्न ठरल्यासारखा फुलला. हिंगोलीकडं कॉलेजात शिकवणारे हे सर मेंढ्यांच्या जंतांवर संशोधन करत होते. साखरा गावच्या सिंधूबाईची मेंढी मेल्याचं कळताच ते धावत आले, चिमट्यानं लालसर दोरे वेचून बाटलीत भरले आणि बाटली ठेवली कुठं, तर तिच्या भाकरीच्या दुरडीत! तिथं ती लवंडत नाही म्हणे. सिंधूबाईला अशी शिसारी आली की त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

पण कळपातल्या आणखी मेंढ्या सुकत चालल्या होत्या. अडला हरी, दुसरं काय. सरांना पळसपापडीचा, म्हणजे पळसाच्या बियांचा गुण तपासायचा होता. तोही तिच्याच तोंडून ऐकलेला. तिची सासू जंतांवर हेच द्यायची. सरांनी वीस मेंढ्यांच्या पाठीवर निळा पट्टा ओढला, वीस मेंढ्यांच्या लाल. निळ्यांना रोज गुळातून पळसपापडीची पूड, लालांना नुसता गूळ. दर सोमवारी सर लेंड्या नेणार आणि महिनाअखेरीस त्यातली जंतांची अंडी मोजणार. महिना नीट पार पडला, तर कळपाला वर्षभर लस आणि औषध फुकट.

दुसऱ्याच आठवड्यात लाल पट्ट्याच्या काळतोंडी मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरून सूज आली. सिंधूबाईनं तिची पापणी उलटून पाहिली, आत पांढरीफट्ट; जंतांनी रक्त शोषलं होतं. काळतोंडीनं गूळ चाटला आणि आणखी मिळेल म्हणून तिचा तळहात चाटत राहिली. सिंधूबाईला स्वतःचीच किळस आली. आजारी मुक्या जिवाला गूळ दाखवून फसवायचं, हे कुठलं शास्त्र? तिनं घरातली पळसपापडी कुटली आणि त्या दिवसापासून सगळ्या लालांनाही चारली.

महिना सरला तेव्हा सर तोंड पाडून आले. निळ्यांचे जंत गेले होते, पण लालांचेही गेले होते. मग औषधाचा गुण दिसणार कसा? नुसत्या गुळानं जंत मरतात की काय, म्हणून ते डोकं खाजवत बसले. सिंधूबाईला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला मान खाली घातली.

सर रागावले नाहीत. हसले. पेन काढून तिच्या देखत त्यांनी लालांच्या रकान्यातले अंड्यांचे आकडे वाढवले.

"औषध तर खरंच गुणाचं आहे ना, मावशी? मग झालं. ही काळतोंडी मेली असं लिहितो. तुम्ही खाली सही करा, लस उद्याच पाठवतो."

काळतोंडी चार हातांवर रवंथ करत बसली होती. सिंधूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. जंतांच्या बाटलीचीही तिला एवढी शिसारी आली नव्हती.

"जित्या जिवाला मेलं लिवून राहिले तुमी," ती म्हणाली. "ह्या कागदाला मी हात लावणार न्हाई. लिवायचंच असंल तर बराबर लिवा. सिंधूबाईनं चारलं, म्हून ती जगली."

"तसं लिहिलं तर कोणी छापत नाही, मावशी."

"मंग नका छापू."