खिडकीजवळची खुर्ची

बाबांवर माझा संशय होता आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. मी डायलिसिसच्या खोलीतली नर्स, बाबा तिथलेच पेशंट. त्यांना खिडकीजवळची खुर्ची मीच मिळवून दिली होती, त्यासाठी मशीनला पाणी पुरवणारी नळीही लांबवून घेतली होती. एरवी सगळं सुरळीत असायचं. पण रविवारच्या सुट्टीनंतर दर सोमवारी मशीन सुरू झालं की तासाभरात हुडहुडी आणि सणसणून ताप. बाकीचे पेशंट मजेत पेपर वाचत असायचे. म्हणजे सुट्टीत बाबाच घरी काहीतरी गुण उधळत असणार.

चोरून काही खाताहेत का म्हणून मी त्यांची पिशवी तपासायचे. "या, फौजदार," म्हणत ते हात वर करायचे. एका सोमवारी केले नाहीत.

"पुरे झालं. ताप सोसेन, ही झडती नाही. पुढच्या सोमवारपासून मी येणार नाही."

न आल्यावर काय होणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी घाबरले. घाबरले की मी आणखी संशय घेते. या वेळी पाण्यावर घेतला.

पाणी सांभाळणारा तंत्रज्ञ वैतागला. "ताई, दर सोमवारी सकाळी नळीत औषध सोडून जंतू मारतो. तपासणीत एकही वाढला नाही."

"मेलेले वाढतील कसे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्यांच्या कवचाचे तुकडे मशीनच्या चाळणीतून रक्तात जातात. रक्तातल्या पहारेकरी पेशींना ते कवच जन्मापासून ओळखता येतं. जंतू जिवंत की मेलेला, हे त्या बघत नाहीत. कवच दिसलं की ताप चढवतात."

कवच शोधणारी तपासणी केली. ते एकाच नळीत सापडलं, मी लांबवून घेतलेल्या. सुट्टीभर पाणी तिथेच तुंबून जंतू वाढायचे.

घरी जाऊन मी सगळं कबूल केलं. "म्हणजे माझ्या रक्ताला कळत होतं," बाबा म्हणाले, "तुला नाही."

सोमवारी ते आले. भिंतीकडच्या खुर्चीत बसले आणि मी काही बोलायच्या आत पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. आत हुडहुडीसाठीचे दोन जाड स्वेटर होते. ते दर सोमवारी असायचे. त्यांच्याखाली काय लपवलंय, तेवढंच मी बघत आले होते.