बदामाखालची मेंढी

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत बसलं की तेजश्रीला एकच घोर लागायचा, तिथल्या बंद घराच्या फाटकाची कडी कशी असेल. निघताना ती कडीवर काथ्याचा तुकडा गुंडाळून यायची. मागच्या खेपेला तो सुटून खाली पडला होता. त्याआधी परसात, बदामाखाली, लेंड्या दिसल्या होत्या. लेंड्या काही वाऱ्यानं येत नाहीत.

बदामाखाली आबांची खुर्ची अजून तशीच होती. तिचे वडील, सावळाराम आबा, दिवाळीच्या तोंडावर गेले. घर त्यांनी नोकरीतून सुटल्यावर बांधलं होतं, आणि तेजश्री एकुलती एक. तिची कॉलेजातली नोकरी दौंडला, घर इथं शिरूरला. विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एजंट पोपट म्हणायचा, मार्केट पडलेलं नाही मॅडम, सावकाश झालंय. मधे लोक फाटकात उभ्यानंच इसार द्यायचे. आता गल्लोगल्ली रो-हाउस रिकामी पडलीत. गिऱ्हाईक सगळी घरं बघतं, घरी जाऊन झोपतं, मग फोन करतं. विकणाऱ्यानंही घाबरू नये आणि घेणाऱ्यानंही, असा सध्याचा काळ. तेजश्रीला हे पटायचं. पटत नव्हता तो रखमाजी.

रखमाजी भांडगावचा. त्याच्या घरातले लोक मेंढरं राखत आलेले, आता शेती. मुलगा रांजणगावच्या कंपनीत, म्हणून इकडे घर हवं. सुनेला, सुषमाला, घेऊन तो आला होता. सुषमानं नळ सोडून पाहिले, ओट्याची उंची पाहिली. म्हाताऱ्यानं मात्र ना स्लॅब पाहिला, ना कागद मागितले, ना भाव पाडून मागितला. परसात उकिडवा बसून जमिनीकडे बघत राहिला आणि दुपारी सावली कुठवर येते एवढंच विचारलं. घ्यायचं आहे तो घासाघीस करतो. हा का करत नाही?

तिच्या शंकेला मूळ होतं. केंदूरला त्यांच्या शेताचा ओढ्याकाठचा पट्टा होता. चुलतभाऊ इंद्रजीतनं तिथं एक म्हैस आणून बांधली. आबा म्हणाले, बांधू दे, जनावर आहे. मग उकिरडा झाला, पत्रे आले, गोठा झाला, आणि पट्टा गेला. आबा त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि केंदूरलाही गेले नाहीत. तेव्हापासून दुसऱ्याच्या जागेत आणलेलं जनावर म्हणजे कब्जा, एवढा एकच अर्थ तिला माहीत होता.

त्या दिवशी ती कोणाला न कळवता आली. फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत, खुर्चीच्या पायाशी, एक मेंढी बसली होती. डोळे अर्धवट मिटून रवंथ करत, जणू घर तिचंच.

तेजश्रीनं आरडाओरडा केला नाही. तिनं छत्री मिटली, मेंढीच्या पाठीत टोचली, आणि ती उठेपर्यंत टोचत राहिली. गल्लीत हाकलून फाटक लावलं आणि पोपटला फोन केला. व्यवहार मोडला, आणि फाटक उघडून आत कुणाला सोडलंस ते आता पोलीस चौकीतच सांग. पोपट चाचरला. मग म्हणाला, थांबा, येतो, रखमाजीही इथंच आहेत.

दोघं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून आले. रखमाजीच्या मागं मेंढी होती. त्यानं तेजश्रीच्या हातातली छत्री पाहिली.

"ताई, ही आपली आपण उठली, का तुमी उठीवली?"

"मी उठवली. पण आधी मला सांगा, मामा, माझ्या घरात जनावर बांधायचं धाडस कुणाचं?"

"बांधली कुठं? दावं दिसलं का तुमाला?"

तिनं पाहिलं. मेंढीच्या गळ्यात दोरी नव्हती. बदामाच्या बुंध्यालाही नव्हती.

"बांधली असती तर कब्जा. आमी सोडून बघतो." रखमाजी शांतपणे म्हणाला. त्यांच्यात नवी जागा घेताना मेंढी मोकळी सोडतात. ती जिथं स्वतःहून बसते आणि रवंथ करते, तिथं माणूस नांदतो. निरनिराळ्या दिवशी बघायचं असतं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी घास टाकला असता." तो पोपटकडे बघून म्हणाला, "ह्यो तर पेंडीचं पोतंच आणायचा." पोपटनं तोंड फिरवलं. "इकणाऱ्याचा काय भरवसा, ताई."

तिला हसू येता येता राहिलं. इतके दिवस ती त्याच्यावर नजर ठेवून होती, तसा तोही तिच्यावर.

"बसली होती ती," तेजश्री म्हणाली. "डोळे मिटून. मी टोचेपर्यंत हलली नाही."

रखमाजीनं मान हलवली. तुमचं खरंच असंल, म्हणाला, पण उठीवलेलं धरत न्हाईत. आज परत बसली तर घर घ्यायचं, न्हाईतर आमी भांडगावला चाललो.

फाटक उघडलं. तिघं स्वयंपाकघराच्या जाळीमागे उभे राहिले. मेंढी आत आली, संडासाच्या भिंतीशी गेली, तुळशीकडे वळली, परत फिरली. ओट्यावर तेजश्रीनं येताना आणलेली मेथीची जुडी होती. तिनं जुडीकडे पाहिलंही नाही. हे घर विकलं गेलं नाही तर पुन्हा कडी, पुन्हा काथ्या, हे तिला कळत होतं. मेंढीनं बदामाखाली येऊन जमीन हुंगली, पुढचे गुडघे मोडले, तेव्हा मात्र तिच्या मनात आलं, नको बसूस.

मेंढी बसली. खुर्चीच्या पायाला अंग टेकून रवंथ करू लागली.

रखमाजीनं तेव्हा पहिल्यांदा भाव विचारला, आणि चांगलाच पाडून मागितला. तेजश्रीला हायसं वाटलं. थोडं वर, थोडं खाली करत दोघं एका आकड्यावर आले.

"आणि ती खुर्ची मी नेणार," ती म्हणाली.

"न्या की."

ती परसात गेली. वाकून खुर्ची हळूच उचलली. मेंढीनं एकदा डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, पण उठली नाही.